प्रार्थना किती अक्षरांची?

‘प्रार्थना’ या शब्दात अक्षरं किती? पहिलीतलं पोरही बोटांवर मोजून सांगेल, तीन. प्रा, र्थ, ना. माझा लॅपटॉप म्हणाला, नऊ. मग इंटरनेटवरून उतरवून घेतलेलं एक तयार साधन म्हणालं, पाच. या तीन उत्तरांच्या भांडणात माझे जवळजवळ दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत माझं एक मत पक्कं झालं. कॉम्प्युटरवर एखादा साधासा खेळ बनवणं हे मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याचंही काम आहे. फक्त बीसीएवाल्यांचं नाही.

हे वाचून आपल्या मंडळातले काही जण हसतील याची मला कल्पना आहे. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी ‘मराठी शब्द ओळखण्याचा खेळ’ असा विषय दिला तेव्हाही हसूच आलं होतं. “खेळ ठीक आहे, पण यात साहित्य कुठे?” असं मला विचारण्यात आलं. प्रश्न चुकीचा नव्हता. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे उत्तरच नव्हतं. शेवटी असं ठरलं की नेहमीसारखा लेखी प्रकल्प करायचा आणि खेळ त्याला परिशिष्ट म्हणून जोडायचा. आज मला वाटतं की उलट व्हायला हवं होतं. का, ते सांगते.

2022 च्या सुरुवातीला ‘वर्डल’ नावाच्या खेळाची साथ आली होती, आठवत असेल. पाच चौकोन, पाच अक्षरी इंग्रजी शब्द, सहा प्रयत्न. अक्षर बरोबर जागी असलं की चौकोन हिरवा, शब्दात असून जागा चुकली की पिवळा. आमच्या घरी मी आणि पप्पा रोज खेळायचो. आजी शेजारी बसून बघायची आणि दर वेळी तेच म्हणायची, “मराठीत असतं तर मी पण खेळले असते की.” आजीची शाळा चौथीपर्यंत, इथल्याच मराठी शाळेत. इंग्रजी तिला येत नाही. पण शब्द म्हणाल तर तिच्याकडे माझ्या दुप्पट आहेत. मराठीत असे खेळ इतरांनीही बनवले आहेत, माझा काही पहिला नाही. पण मला तो स्वतः बनवायचा होता, आजीला खेळता येईल असा आणि माझ्या दहा वर्षांच्या मावसभावालाही खेळता येईल असा. तो इंग्रजी माध्यमात आहे. मराठी बोलतो फाडफाड, वाचताना मात्र प्रत्येक जोडाक्षराला ठेच लागते.

बीसीएच्या एका मैत्रिणीनं मला पायथनची तोंडओळख करून दिली. लिस्ट म्हणजे काय, लूप म्हणजे काय, अट कशी घालायची. आठवड्याभरात मी दोनेक हजार शब्दांची एक फाईल तयार केली आणि पहिली आज्ञा दिली: यातले तीन अक्षरी शब्द काढ.

त्यानं काढले. गवत, नजर, समई, सडक. छान. पण त्याच यादीत ‘बाप’ होता, ‘देव’ होता. आणि ‘कविता’ नव्हती. मी ‘आई’ मोजायला सांगितली, उत्तर आलं दोन. ‘बाप’ मोजायला सांगितला, तीन. ‘कविता’ पाच. ‘प्रार्थना’ नऊ. मैत्रीण म्हणाली, “कोड तर बरोबर आहे गं, तुमची मराठीच विचित्र आहे.” मी हसले, पण ते वाक्य मला लागलं. आणि पुढचा सल्ला आणखी लागला: “रोमनमध्ये कर ना, मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत. दोन दिवसांत होईल.”

तिचं खरं होतं. रोमनमध्ये 26 खुणा, प्रत्येक खूण सुटी, एका चौकोनात एक. खेळ दोन दिवसांत झाला असता.

पण कॉम्प्युटर नऊ का म्हणतो, ते आधी समजून घ्यायचं मी ठरवलं. आज जगभरच्या लिपी कॉम्प्युटरवर ज्या पद्धतीनं साठवल्या जातात तिचं नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती 1991 ची. त्यात देवनागरीसाठी 128 जागांचा एक कप्पा आहे. त्या कप्प्यात ‘प्रा’ नाही आणि ‘र्थ’ही नाही. ‘प’ आहे, ‘र’ आहे, काना वेगळा आहे, आणि पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, तेही वेगळं आहे. ‘प्रार्थना’ साठवताना कॉम्प्युटर ठेवतो ते असं: प, हलन्त, र, काना, र, हलन्त, थ, न, काना. मोजा, नऊ होतात.

पहिल्यांदा मला वाटलं, हे कुणा परदेशी माणसानं आपली लिपी न समजता केलेलं काम असणार. तसं नाही. ही मांडणी ‘इस्की’ नावाच्या भारतीय मानकावरून घेतलेली आहे, आणि ते आपल्याच देशातल्या लोकांनी तयार केलं होतं. त्यामागचा विचारही शहाणपणाचा आहे. सगळी बाराखडी आणि सगळी जोडाक्षरं वेगवेगळी साठवायची तर शेकडो जागा लागतील. सुटे भाग ठेवले की थोडक्यात काम होतं. म्हणजे यंत्र चुकत नव्हतं. मी ‘अक्षरं’ मोज म्हणत होते आणि ते सुटे भाग मोजत होतं. अक्षर म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि इथेच मला माझ्या ‘यात साहित्य कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर सापडायला लागलं.

व्याकरणाच्या तासाला आपण वर्ण आणि अक्षर यांतला फरक पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. मी पण विसरले होते. आता ती वही पुन्हा काढली. ‘प्रार्थना’चे वर्ण सोडवले: प्, र्, आ, र्, थ्, अ, न्, आ. आठ. म्हणजे कॉम्प्युटरचे नऊ हे वर्णही नव्हते आणि अक्षरंही नव्हती. तयार साधनाच्या पाचाचं काय, तेही शोधलं. ते साधन जुन्या नियमानं चालत होतं. त्या नियमात काना-मात्रा आधीच्या व्यंजनाला जोडून धरायचे, पण हलन्त आला की तिथे तुकडा पाडायचा. म्हणून प्, रा, र्, थ, ना. देवनागरीतलं जोडाक्षर तोडू नये, ही सूचना युनिकोडच्या सर्वसाधारण नियमांत 2023 च्या आवृत्तीत आली. 1991 ते 2023. जोडाक्षर एकसंध असतं हे शाळेतल्या कुठल्याही बाईंनी एका मिनिटात सांगितलं असतं, पण नियमात यायला 32 वर्षं लागली. जे नियम लिहितात त्यांच्याशी आपण बोललोच नाही तर असंच होणार.

शेवटी मी स्वतःच नियम लिहिला. व्यंजन दिसलं की नवं अक्षर सुरू कर. पण त्याच्या आधी हलन्त असेल तर नवं सुरू करू नकोस, मागच्यालाच जोड. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग दिसला तर मागच्यालाच जोड. स्वतंत्र स्वर दिसला तर नवं अक्षर. एवढंच. कोडच्या जेमतेम पंधरा ओळी. पण त्या पंधरा ओळी माझ्या मैत्रिणीला लिहिता आल्या नसत्या, कारण तिला पायथन येत होतं तरी अक्षर म्हणजे काय याचा विचार तिनं कधी केला नव्हता. मी तरी तो खेळ बनवायच्या आधी कुठे केला होता?

नियम बरोबर आहे का हे तपासायला मी आपल्याच अभ्यासक्रमाकडे गेले. लहानपणी सगळ्यांनी म्हटलेलं ‘रामाला भाला मारा’ घेतलं. उलटं वाचलं तरी तेच येतं, पण कधी? अक्षर अक्षर धरून वाचलं तरच. सुटे भाग धरून उलटं केलं तर वाक्य कान्यापासून सुरू होतं आणि काना एकटा उभा राहू शकत नाही. पडद्यावर त्याच्या जागी ठिपक्यांचं एक वर्तुळ येतं, ‘इथे अक्षर हवं होतं’ असं सांगणारं. माझ्या नियमानं वाक्य बरोबर उलटलं. मग वृत्तं घेतली. वसंततिलकेची 14 अक्षरं, शार्दूलविक्रीडिताची 19. मग मोठ्या अभंगाचे चरण, सहा-सहा-सहा-चार. बहुतेक ठिकाणी आकडे जुळले. दोनतीन ठिकाणी जुळले नाहीत, तेव्हा मला वाटलं कोड चुकला. बोटांवर मोजून पाहिलं तर त्या चरणातच एक अक्षर जास्त होतं, गाताना सहज सामावून जाणारं. छंदांवरचं प्रकरण मी परीक्षेसाठी दोनदा वाचलं होतं. अभंगाचा चरण असा ताणला जातो हे मला कळलं ते एका खेळातली चूक शोधताना.

आता खेळ. तीन चौकोन, तीन अक्षरी शब्द, सहा प्रयत्न. खेळ बनवायच्या ज्या लायब्ररीनं मी सुरुवात केली तिनं पहिली वेलांटी अक्षराच्या मागे काढली आणि जोडाक्षरं फोडून ठेवली, म्हणून सगळं उचलून ब्राउझरमध्ये नेलं. तिथे लिपी नीट दिसायला लागली. पण आणखी मोठी अडचण पुढे होती. इंग्रजी खेळात 26 पैकी एक अक्षर ओळखायचं असतं. मराठीत? चौतीस व्यंजनं गुणिले बारा धरली तरी चारशेच्या वर जातात, आणि जोडाक्षरं वेगळीच. सहा प्रयत्नांत कोण ओळखणार? उत्तर ‘कविता’ होतं. आजीनं ‘किनारा’ लिहिलं, तिन्ही चौकोन करडे झाले. तिनं चष्मा वर केला. “अगं, क तर बरोबर आहे की! फक्त वेलांटी चुकली. अर्धे मार्क तरी दे.”

मग तिनं मला बाराखडी म्हणून दाखवली, तिच्या शाळेतल्या चालीवर. क ला काना का. क ला पहिली वेलांटी कि. क ला दुसरी वेलांटी की. मी ऐकत राहिले. आधी व्यंजन, मग त्याला काय लावायचं ते. कॉम्प्युटरही अगदी असंच साठवतो! पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती ‘क’च्या नंतर असते, जशी आजीच्या तोंडी. माझ्या मैत्रिणीला विचित्र वाटलेली मराठी आणि यंत्रातली मराठी यांच्यामधला पूल चौथी शिकलेल्या बाईला पाठ होता. त्या संध्याकाळी मी खेळात एक निळा रंग घातला: व्यंजन बरोबर, काना-मात्रा चूक. त्यानंतर खेळ खेळण्यासारखा झाला.

मावसभावानं दुसरी चूक काढून दिली. उत्तर होतं ‘दुसऱ्या’. त्यानं मोबाईलवर बरोबर तेच लिहिलं आणि खेळ म्हणाला चूक. “ताई, मी हेच लिहिलंय ना!” दोन्ही शब्द शेजारी ठेवले, डोळ्यांना काडीचाही फरक दिसेना. फरक आत होता. आपला हा खास मराठी अर्धा ‘र’ दोन प्रकारे साठवता येतो. एका कीबोर्डवरून त्याचं स्वतंत्र चिन्ह येतं, दुसऱ्यावरून साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. ‘ॲ’चंही तेच. 2008 मध्ये त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली, तरी अनेक जण अजून ‘अ’वर चंद्र काढून लिहितात. माणूस दोन्ही सारखंच वाचतो, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. उत्तर तपासण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणायची सोय मी केली. पण ती करताना एक धोका लक्षात आला. सोपं करायचं म्हणून हा अर्धा र आणि रफार एकच धरले असते तर? मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ एक झाले असते, समुद्र आणि डोंगरातल्या खिंडी. आचार्यांना नमस्कार करायला गेलेला माणूस आचाऱ्यांपुढे उभा राहिला असता. कुठला भेद पुसायचा आणि कुठला जपायचा हा निर्णय भाषा जाणणाऱ्यानेच घ्यायला हवा.

हे सगळं चालू असताना मला सारखे फादर थॉमस स्टीफन्स आठवत होते. आपल्या सगळ्यांच्या अभ्यासक्रमात ते आहेत, आणि मी कॅथलिक असल्यामुळे आमच्या घरातही त्यांचं नाव आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट 1579 मध्ये गोव्याला आला, मराठी शिकला आणि त्यानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ लिहिलं. 1616 मध्ये ते राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण कौतुकानं वाचतो, पण त्या आधी रोमनमध्ये छापल्या गेल्या हे सहसा विसरतो. तसं त्यांच्या मनात नव्हतं. 1608 मध्ये रोमला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषेतली पुस्तकं इथल्याच लिपीत छापलेली पाहण्याची इच्छा कळवली होती. अडचण कोणती सांगितली होती? इथली अक्षरं युरोपातल्यासारखी सुटी नाहीत, म्हणून सुमारे 600 साचे लागतील. ते 200 वर आणता येतील असा मार्गही त्यांना दिसत होता. पण साचे ओतले गेले नाहीत आणि पुराण रोमनमध्ये निघालं.

चारशे वर्षांपूर्वीची ती अडचण आणि माझी अडचण एकच होती: एका खुणेत मावत नाही असं अक्षर. फरक एवढाच की स्टीफन्सना साचे मिळाले नाहीत म्हणून रोमन घ्यावी लागली. माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये आज देवनागरीचे सगळे साचे आहेत. तरीही आपण एकमेकांना मेसेज पाठवतो ते रोमनमध्ये, आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुलं भजनं उतरवून घेतात ती रोमनमध्ये. त्यांच्यावर मी रागावत नाही. मी स्वतःही तेच करते. पण नाइलाजानं रोमन घेणं आणि कंटाळ्यानं घेणं यात फरक आहे. बेळगावसारख्या ठिकाणी तर तो जास्तच जाणवतो. इथे मराठी पाटीवर असावी की नसावी यावर आपण तावातावानं बोलतो, आणि घरातल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही.

आता आक्षेपांकडे येते. पहिला: साहित्याच्या विद्यार्थ्यानं वाचावं, लिहावं, कोडिंगच्या मागे लागू नये. मान्य, सगळ्यांनी लागू नये. माझी अर्धी संध्याकाळ एका विसरलेल्या कंसात गेली आहे, आणि त्या वेळात एखादी कादंबरी वाचून झाली असती. पण कोड लिहिण्याआधी मला व्याकरण, छंद, शुद्धलेखन आणि मुद्रणाचा इतिहास जितका तपासावा लागला तितका आधीच्या पाच सत्रांत मी तपासला नव्हता. लेखी उत्तरात मोघम लिहून चालतं. ‘अक्षर म्हणजे साधारणपणे...’ असं लिहिलं की चारपैकी तीन मार्क मिळतात. यंत्राला ‘साधारणपणे’ कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: असा एक खेळ बनवून मराठी वाचणार आहे का? नाही. माझा खेळ सध्या आमच्या घरात आणि रविवारच्या वर्गातली दहाबारा मुलं मिळून खेळतात. मावसभाऊ अजूनही इंग्रजी कार्टूनच बघतो. पण परवा चर्चच्या सूचनाफलकावरचं ‘पुनरुत्थान’ त्यानं थांबत थांबत वाचलं आणि मला विचारलं, “हे पाच अक्षरी ना? मग तुझ्या खेळात नाही येणार.” बरोबर होतं. पु, न, रु, त्था, न. त्यानं ‘त्था’ एकच मोजला होता.

म्हणून मंडळापुढे माझं मागणं साधं आहे. खेळाचा प्रकल्प परिशिष्टात न ढकलता प्रकल्प म्हणून स्वीकारावा, मात्र त्यासोबत प्रत्येक नियमाची भाषिक कारणं लेखी मागावीत. तो शक्यतो जोडीनं करू द्यावा, एक जण मराठीचा, एक बीसीएचा, म्हणजे दोघांनाही एकमेकांकडून शिकावं लागेल. आणि मंडळानं सगळ्यांना वापरता येईल अशी शब्दांची एक यादी करायला घ्यावी, तपासलेल्या शुद्धलेखनाची, ज्यात पुण्यामुंबईच्या कोशांबरोबर आपल्या भागातल्या घरांमधले शब्दही असतील. माझ्या यादीत आजीचे निम्मे शब्द नव्हते. ती खेळताना दर वेळी विचारते, “हा शब्द का घेत नाही गे तुझं मशीन?” आणि मला सांगावं लागतं की आजी, मशीनला अजून कुणी सांगितलं नाही.

सांगायचं काम आपलं आहे. तीन अक्षरी शब्दांपासून सुरुवात करू. तुमच्या घरातले दहा शब्द मला पाठवा, या सत्रात मी ते खेळात घालते.